रने-लुई बेर

रने-लुई बेर (२१ जानेवारी, इ.स. १८७४ - ५ जुलै, इ.स. १९३२) हे फ्रेंच गणितज्ञ होते. वास्तव चलांची फलने, विशेषतः असंतत फलने, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. दोन चलांचे एखादे फलन प्रत्येक चलात वेगवेगळे पाहिले असता संतत असेल, तर दोन्ही चलांत मिळून त्याचे सांतत्य कितपत टिकते, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर त्यांनी १८९९ सालच्या आपल्या प्रबंधात दिले. त्याच कामातून अर्ध-सांतत्याची संकल्पना, फलनांचे बेर वर्ग आणि बेर सिद्धान्त या तीन गोष्टी गणिताला मिळाल्या. संस्थिती, म्हणजेच टोपोलॉजी, या शाखेत सांतत्याच्या सौम्य प्रकारांचा जो अभ्यास पुढे झाला, त्याचा उगम बहुतांशी याच प्रबंधात आहे. दीर्घ आजारामुळे बेर यांना संशोधनासाठी फार थोडी वर्षे मिळाली.

बालपण आणि शिक्षण

बेर यांचा जन्म पॅरिसमध्ये एका साध्या कष्टकरी कुटुंबात झाला. वडील शिंपीकाम करीत असत आणि घरात तीन मुले होती. मुलाला उच्च शिक्षण देण्याइतकी घरची ऐपत नव्हती. परंतु १८८६ साली पॅरिस शहराची शिष्यवृत्ती स्पर्धा परीक्षेतून मिळाल्यामुळे रने यांना सो येथील लीसे लाकानाल या शाळेत प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी गणितात नाव मिळवले. १८९० साली ते पॅरिसच्या लीसे आंरी कात्र या नामांकित शाळेतील विशेष गणिताच्या वर्गात दाखल झाले. एकोल पोलितेक्निक आणि एकोल नॉर्माल सुपेरिअर या फ्रान्समधील दोन्ही श्रेष्ठ संस्थांच्या प्रवेश परीक्षांत ते उत्तीर्ण झाले. त्यांपैकी अध्यापक आणि संशोधक घडवणारी एकोल नॉर्माल त्यांनी निवडली. या काळात शार्ल एर्मीत, एमिल पिकार आणि आंरी प्वांकारे यांची व्याख्याने त्यांनी ऐकली.

प्रकृती लहानपणापासूनच नाजूक होती. अन्ननलिकेच्या विकाराचा त्रास त्यांना वारंवार होत असे आणि मोकळ्या जागेत वा गर्दीत वावरताना त्यांना भीती वाटे. या दोन्ही गोष्टींचा परिणाम त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्यावर झाला.

१८९५ची परीक्षा

१८९५ साली बेर अध्यापकपदाच्या स्पर्धा परीक्षेस बसले. लेखी परीक्षेत ते पहिले आले. तोंडी परीक्षेत उमेदवाराला नमुन्याचा पाठ द्यावा लागत असे. बेर यांच्या वाट्याला घातांकी फलन हा विषय आला. पाठ देत असतानाच त्यांच्या लक्षात आले की या फलनाच्या सांतत्याची जी सिद्धता आपण शिकलो आहोत ती केवळ एक युक्ती आहे. फलनाच्या मूळ व्याख्येशी तिचा पुरेसा संबंधच नाही. त्या पाठाला कमी गुण मिळाले आणि एकूण क्रमांक खाली घसरला.

या अपयशाने त्यांच्या संशोधनाची दिशा ठरली. विश्लेषणशास्त्राचा पाया पुन्हा तपासला पाहिजे, फलन म्हणजे काय आणि त्याचे सांतत्य म्हणजे काय हे मुळापासून पाहिले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढील काही वर्षे बार-ल-द्युकसारख्या प्रांतिक गावांतील शाळांत शिकवण्याचे काम करीत असताना त्यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. शाळेतील तासिका त्यांच्या प्रकृतीला झेपत नसत, तरी प्रबंधाचा गाभा याच दिवसांत तयार झाला.

दोन चलांच्या फलनाचा प्रश्न

बेर यांनी हाती घेतलेल्या प्रश्नाला जुना इतिहास होता. ऑगस्तँ-लुई कोशी यांनी १८२१ सालच्या आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात असे विधान केले होते की, अनेक चलांचे फलन प्रत्येक चलात वेगवेगळे संतत असेल तर ते सर्व चलांत मिळूनही संतत असते. हे विधान वरवर पाहता पटण्यासारखे असले, तरी ते खरे नाही. १८७०च्या दशकाच्या आरंभी जर्मन गणितज्ञ योहानेस थोमे यांच्या पुस्तकात त्याला छेद देणारे उदाहरण आले. ते एडुआर्ट हाइने यांचे असल्याचे थोमे यांनी नमूद केले होते.

आज पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे उदाहरण अधिक सोपे आहे. क्ष आणि य या दोन चलांचे फलन पुढीलप्रमाणे घ्यावे: दोन्ही चले शून्य नसताना त्याची किंमत (२ × क्ष × य) ÷ (क्ष² + य²) आणि आरंभबिंदूपाशी किंमत ०. य शून्य ठेवून क्ष बदलला तर फलनाची किंमत सतत ० राहते. क्ष शून्य ठेवून य बदलला तरी तेच घडते. अशा रीतीने आरंभबिंदूपाशी फलन दोन्ही चलांत वेगवेगळे संतत आहे. परंतु क्ष आणि य समान ठेवून, म्हणजे कर्णरेषेवरून, आरंभबिंदूकडे गेले तर किंमत सतत १ राहते आणि बिंदूपाशी पोहोचताच एकदम ० होते. दुसऱ्या कर्णावरून गेल्यास ती -१ असते. म्हणजे त्या बिंदूपाशी फलन दोन्ही चलांत मिळून संतत नाही.

फलनाची किंमत ही जमिनीची उंची मानली तर हे चित्र डोळ्यांपुढे आणता येते. पन्हाळ्यासारख्या डोंगराळ भागात एखादा माणूस केवळ पूर्व-पश्चिम किंवा केवळ उत्तर-दक्षिण चालतो अशी कल्पना करावी. त्याला कोठेही तुटलेला कडा लागत नाही, म्हणून तो भूभाग सलग आहे असे समजतो. प्रत्यक्षात तिरक्या वाटेने जाणाऱ्याला मात्र मधेच कडा आडवा येतो.

अशी उदाहरणे सापडल्यावर बहुतेकांनी त्यांच्याकडे अपवाद म्हणून पाहिले. बेर यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. अशा फलनाचे सांतत्य किती ठिकाणी मोडू शकते आणि ते कोठे टिकलेच पाहिजे, असा प्रश्न त्यांनी विचारला.

१८९९चा प्रबंध

१८९८ साली शिष्यवृत्तीवर बेर इटलीस गेले. तेथे तुरीन येथे त्यांची व्हितो व्होल्तेरा यांच्याशी भेट झाली. व्होल्तेरा यांनी या प्रश्नातील बेर यांच्या कामाचे महत्त्व ओळखले. वास्तव चलांच्या फलनांवरील बेर यांचा प्रबंध इटलीतील एका प्रमुख गणित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २४ मार्च १८९९ रोजी पॅरिस येथे आपेल, दार्बू आणि पिकार यांच्या परीक्षक मंडळासमोर त्यांनी तो मांडला. त्या वेळी ते २५ वर्षांचे होते.

वेगवेगळे सांतत्य आणि एकत्रित सांतत्य

प्रबंधातील एक प्रमुख निष्कर्ष असा: दोन वास्तव चलांचे फलन प्रत्येक चलात वेगवेगळे संतत असेल, तर ते काही बिंदूंपाशी असंतत असू शकते, परंतु प्रत्येक आडव्या रेषेवर आणि प्रत्येक उभ्या रेषेवर, तिच्या कितीही लहान तुकड्यात, फलन दोन्ही चलांत मिळून संतत असल्याचा निदान एक बिंदू सापडतोच. म्हणजे कोशींचे विधान चुकीचे असले तरी त्यात तथ्याचा मोठा अंश होता. सांतत्य सर्वत्र टिकत नाही, पण ते नाहीसे होईल असा एकही प्रदेश असू शकत नाही.

या संदर्भात बेर यांनी एका गुणधर्माचा उपयोग केला आणि त्याचे श्रेय व्होल्तेरा यांना दिले. कोणताही बिंदू घ्यावा आणि त्याभोवती कितीही लहान वर्तुळ काढावे. त्या वर्तुळात असा एखादा लहानसा प्रदेश सापडतो की जेथे फलनाच्या सर्व किमती मूळ बिंदूवरील किमतीच्या हव्या तितक्या जवळ असतात. हा प्रदेश मूळ बिंदूभोवतीच असावा अशी अट नाही. तो बाजूलाही असू शकतो. सांतत्य आणि हा गुणधर्म यांत एवढाच फरक आहे. वर दिलेल्या उदाहरणात आरंभबिंदूपाशी फलन असंतत आहे, पण क्ष-अक्षावरील जवळच्या कोणत्याही बिंदूभोवती लहान वर्तुळ काढल्यास तेथे किमती शून्याच्या जवळ राहतात. म्हणून हा सौम्य गुणधर्म आरंभबिंदूपाशीही टिकून राहतो.

अर्ध-सांतत्य

सांतत्याच्या व्याख्येत दोन अटी एकत्र असतात: जवळच्या किमती मूळ किमतीहून फार वर जाऊ नयेत आणि फार खालीही जाऊ नयेत. बेर यांनी या दोन अटी वेगळ्या केल्या. केवळ पहिली अट पाळणाऱ्या फलनाला वरच्या बाजूने अर्ध-संतत आणि केवळ दुसरी पाळणाऱ्याला खालच्या बाजूने अर्ध-संतत म्हणतात. हा भेद उपयुक्त ठरला. बंदिस्त अंतरालावर वरच्या बाजूने अर्ध-संतत असलेले फलन आपली कमाल किंमत गाठतेच. त्यासाठी पूर्ण सांतत्याची गरज नसते. पुढे इटालियन गणितज्ञ लेओनिदा तोनेल्ली यांनी चलन कलनातील किमान किमतींचे प्रश्न याच कल्पनेच्या आधारे सोडवले.

बेर वर्ग

संतत फलनांच्या क्रमिकेची बिंदूगणिक सीमा घेतली तर मिळणारे फलन संतत असेलच असे नाही. संतत फलनांना बेर यांनी ० वर्गात ठेवले. त्यांच्या सीमा म्हणून मिळणारी, पण स्वतः संतत नसलेली फलने १ वर्गात, या दोन्हींच्या सीमांतून नव्याने मिळणारी फलने २ वर्गात, याप्रमाणे त्यांनी असंतत फलनांची उतरंड रचली. परिमेय संख्यांवर १ आणि अपरिमेय संख्यांवर ० किंमत घेणारे डिरिक्ले यांचे फलन प्रत्येक बिंदूपाशी असंतत असूनही २ वर्गात बसते.

दोन्ही चलांत वेगवेगळे संतत असलेले फलन फार तर १ वर्गात येते. याचे कारण सोपे आहे. चौरसाचे समान रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत विभाजन करावे. पट्ट्यांच्या सीमारेषांवर मूळ फलनाच्या किमती तशाच ठेवाव्यात आणि दोन शेजारच्या सीमारेषांमध्ये त्या किमती सरळ रेषेने जोडाव्यात. सीमारेषेवर फलन य या चलात संतत असल्यामुळे असे जोडलेले फलन दोन्ही चलांत मिळून संतत असते. पट्ट्या अरुंद करीत गेल्यास ही फलने प्रत्येक बिंदूपाशी मूळ फलनाकडे जातात, कारण मूळ फलन क्ष या चलातही संतत आहे.

१ वर्गाच्या फलनांची नेमकी ओळखही बेर यांनी सांगितली. एकटे पडलेले बिंदू नसलेल्या बंदिस्त संचाला परिपूर्ण संच म्हणतात. फलन फार तर १ वर्गाचे असण्यासाठी अशा प्रत्येक संचापुरते पाहिले असता त्याला निदान एक सांतत्याचा बिंदू असणे आवश्यक आणि पुरेसे असते. कोणत्याही फलनाचे विकलज हे संतत फलनांची सीमा असते. त्यामुळे ते असंतत असले तरी अंतरालाच्या प्रत्येक तुकड्यात त्याला सांतत्याचे बिंदू असतातच, हा निष्कर्ष यातून सहज मिळतो.

बेर सिद्धान्त

या सर्व सिद्धतांच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. जो संच रेषेच्या कोणत्याही तुकड्यात दाट पसरलेला नसतो तो विरळ संच होय. असे विरळ संच गणनीय संख्येने एकत्र केले तरी त्यांनी संपूर्ण रेषा कधीही भरत नाही. अशा रीतीने विरळ संचांच्या एकत्रीकरणातून बनणाऱ्या संचांना बेर यांनी पहिल्या प्रकारचे आणि इतरांना दुसऱ्या प्रकारचे म्हटले. अमेरिकन गणितज्ञ विल्यम ऑसगुड यांनाही १८९७ साली रेषेबाबत हे तत्त्व स्वतंत्रपणे गवसले होते. बेर यांनी ते अनेक मितींत मांडले आणि फलनांच्या अभ्यासाचे साधन बनवले. पुढे ते सर्व पूर्ण दूरीक अवकाशांसाठी सिद्ध झाले.

अध्यापन आणि ग्रंथ

विसाव्या शतकाच्या आरंभी बेर यांची मोंपेलिए विद्यापीठात नेमणूक झाली. १९०४ साली पेको प्रतिष्ठानाच्या वतीने त्यांना पॅरिसच्या कोलेज द फ्रांस येथे व्याख्याने देण्याचा मान मिळाला. ही व्याख्याने आर्नो दांज्वा या तरुण विद्यार्थ्याने शब्दबद्ध केली आणि १९०५ साली असंतत फलनांवरील ग्रंथ म्हणून एमिल बोरेल यांच्या ग्रंथमालेत ती प्रसिद्ध झाली. पुढे दांज्वा स्वतः नामवंत गणितज्ञ झाले.

१९०५ सालीच बेर दिजाँ विद्यापीठात गेले आणि १९०७ साली तेथे विश्लेषणाचे प्राध्यापक झाले. १९०७-०८ मध्ये विश्लेषणाच्या सामान्य सिद्धान्तांवरील त्यांचे पाठ्यपुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध झाले. विषयाची मांडणी पायापासून करण्याचा जो निश्चय त्यांनी १८९५च्या परीक्षेनंतर केला होता, तो या पुस्तकात पूर्ण झाला. भिन्न मितींचे अवकाश संतत रीतीने एकास एक जुळवता येत नाहीत, या प्रश्नावरही त्यांनी १९०७ साली लेखन केले. त्याची संपूर्ण सिद्धता १९११ साली डच गणितज्ञ ब्राउवर यांनी दिली.

निवडीच्या गृहीतकाविषयीचा वाद

१९०४ साली अर्न्स्ट झर्मेलो यांनी निवडीच्या गृहीतकाच्या आधारे एक महत्त्वाची सिद्धता प्रसिद्ध केली. तिच्या ग्राह्यतेवरून बेर, बोरेल, आदामार आणि लबेग यांच्यात झालेला पत्रव्यवहार १९०५ साली पाच पत्रांच्या रूपाने छापला गेला. आदामार यांनी झर्मेलो यांची बाजू घेतली. बेर यांची भूमिका सर्वांत कडक होती. एखादा अनंत संच दिला म्हणून त्याचे सर्व उपसंचही दिलेले आहेत असे मानणे त्यांना मान्य नव्हते. ज्यांच्या फलनविषयक कामामुळे अनंत संचांचा अभ्यास पुढे गेला, तेच गणितज्ञ अनंताच्या मुक्त वापराविषयी इतके साशंक होते, ही गोष्ट गणिताच्या इतिहासात लक्षणीय मानली जाते.

आजार आणि अखेरची वर्षे

दिजाँ येथे बेर यांची प्रकृती ढासळत गेली. शारीरिक वेदनांच्या जोडीला मानसिक त्रास वाढला आणि सलग विचार करणे अशक्य होऊ लागले. याच काळात आंरी लबेग यांची कीर्ती वाढत होती. लबेग यांनी १९०५ साली बेर वर्गांचा अभ्यास पुढे नेला. बेर वर्गांपैकी कोणताही वर्ग रिकामा नसतो आणि कितीही चलांत वेगवेगळे संतत असलेले फलन चलांच्या संख्येहून एकने कमी क्रमांकाच्या वर्गापलीकडे जात नाही, हे त्यांनी दाखवले. हे काम आपण पूर्ण करू शकलो नाही, याची खंत बेर यांना राहिली.

१९१४ साली त्यांनी रजा घेतली आणि प्रकृती सुधारण्यासाठी ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गेले. तेथे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत त्यांना आर्थिक ओढगस्तीत तेथेच राहावे लागले. दिजाँला परतून शिकवणे त्यांना पुन्हा कधीच शक्य झाले नाही. युद्धानंतर ते जिनिव्हा सरोवराच्या काठी राहू लागले. गणिताचे संशोधन थांबले होते. दिनदर्शिकेच्या सुधारणेचा प्रश्न मात्र त्यांच्या आवडीचा राहिला आणि १९२१ साली त्यावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

या एकांतवासात त्यांना लेजियाँ दॉनर हा सन्मान मिळाला. ३ एप्रिल १९२२ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांची संवादी सदस्य म्हणून निवड केली. १९२५ साली निवृत्तिवेतन मंजूर झाले, पण फ्रँकचे मूल्य घसरल्यामुळे ते लवकरच अपुरे पडू लागले. ५ जुलै १९३२ रोजी फ्रान्समधील शांबेरी येथे वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

बेर यांच्या निधनाच्या वर्षीच, १९३२ साली, पोलिश गणितज्ञ स्तेफान केम्पिस्टी यांनी व्होल्तेरा-बेर गुणधर्माचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला क्वासी-सांतत्य हे नाव दिले. त्यातील एक निष्कर्ष विशेष आहे: अनेक वास्तव चलांचे फलन प्रत्येक चलात वेगवेगळे क्वासी-संतत असेल, तर ते सर्व चलांत मिळूनही क्वासी-संतत असते. पूर्ण सांतत्याबाबत कोशींचे जे विधान खोटे ठरले, ते सांतत्याच्या या सौम्य प्रकाराबाबत खरे ठरले.

संस्थितीच्या क्षेत्रात ही परंपरा पुढे वाढली. नॉर्मन लेव्हाइन यांनी १९६१ साली दुर्बल सांतत्याची आणि १९६३ साली अर्ध-विवृत संचांची संकल्पना मांडली. या संचांवर आधारलेले सांतत्य हे क्वासी-सांतत्यच होय, असे नंतर स्पष्ट झाले. भारतात एम. के. सिंगल आणि आशा राणी सिंगल यांनी १९६८ साली जवळपास-संतत प्रतिचित्रणांवर लिहिलेला शोधनिबंध या विषयातील मूलभूत लेखनात गणला जातो. १९७४ साली इसाक नामिओका यांनी वेगवेगळ्या आणि एकत्रित सांतत्याविषयीचा बेर यांचा निष्कर्ष अधिक व्यापक अवकाशांसाठी सिद्ध केला.

बेर सिद्धान्ताचा उपयोग तर त्यांच्या मूळ विषयाच्या फार पलीकडे गेला. १९२७ साली बानाख आणि स्टाइनहाउस यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताच्या सिद्धतेत तो वापरला गेला. १९३१ साली बानाख यांनी त्याच्याच साहाय्याने दाखवले की, बहुसंख्य संतत फलनांना एकाही बिंदूपाशी विकलज नसतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासह महाराष्ट्रातील विद्यापीठांत पदव्युत्तर गणिताचे विद्यार्थी फंक्शनल ॲनालिसिस शिकताना हा सिद्धान्त अभ्यासतात. नैसर्गिक संख्यांच्या सर्व अनंत क्रमिकांच्या अवकाशाला आणि ज्या अवकाशांत हा सिद्धान्त लागू पडतो अशा सर्व अवकाशांना बेर यांचेच नाव आहे.

१९९० साली त्यांचे समग्र वैज्ञानिक लेखन एका खंडात प्रसिद्ध झाले.